वस्तीचा कायम निधी कसा उभारावा: नागपूरकरांसाठी पायरीपायरीने

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि चौकाचौकांत पाणपोया उभ्या राहतात. बांबूच्या तट्ट्या, त्यांवर पाणी शिंपडलेला वाळा, आत वाळूत बसवलेले चार-सहा रांजण, त्यांच्या पोटाला गुंडाळलेलं ओलं लाल फडकं आणि लांब दांड्याचं ओगराळं. वर कापडी फलक: अमुक यांच्या स्मरणार्थ. शहराची ही फार जुनी रीत आहे. पण ज्याने पाणपोई सुरू केली तो माणूस गेला, मुलं पुण्याला-बंगळूरला स्थायिक झाली, की एखाद्या उन्हाळ्यात त्या चौकात रांजण दिसत नाहीत. मुद्दाम कोणी बंद केलेली नसते, चालवणारंच कोणी उरलेलं नसतं.

देणाऱ्यांची नागपुरात वानवा नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि त्यांच्या जेवणाची सोय रस्तोरस्ती वस्त्यांमधली मंडळं, कर्मचारी संघटना आणि साधी कुटुंबं करतात. रामनवमीच्या शोभायात्रेच्या मार्गावर आणि ताजाबादच्या उर्सातही हेच दिसतं. वानवा आहे ती या देण्याला वर्षानुवर्षं टिकणारी व्यवस्था लाभण्याची. मूळ रकमेला हात न लावता तिच्या व्याजावर वस्तीचं एखादं काम कायम चालवायचं असेल, तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने मांडतो.

नागपुरात हे झालेलं आहे

अमरावती रोडवरची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या नावातले लक्ष्मीनारायण म्हणजे कामठीचे उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. १९३० साली त्यांचं निधन झालं आणि मृत्युपत्राप्रमाणे त्यांची सुमारे ३५ लाखांची संपत्ती नागपूर विद्यापीठाकडे आली. हेतू लिहिलेला होता: उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचं शिक्षण. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं. प्रत्यक्ष संस्था उभी राहिली १९४२ मध्ये. म्हणजे दात्याच्या पश्चात बारा वर्षं पैसा थांबून राहिला आणि तरीही दुसरीकडे वळला नाही. तेल, रंग, अन्नप्रक्रिया, पेट्रोरसायन अशा शाखांतून तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंत्रज्ञ घडले आणि २०२३ मध्ये संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एवढं सगळं एका मृत्युपत्रातल्या नेमक्या वाक्यामुळे आणि ते पाळायला बांधील असलेल्या संस्थेमुळे शक्य झालं.

मातृ सेवा संघाची वाट याच्या अगदी उलट. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी नागपुरात बाळंतिणींच्या सेवेचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यामागे कोणा धनिकाची ठेव नव्हती. कमलाताई बालविधवा होत्या, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या होत्या. बाळंतिणींची हेळसांड त्यांनी जवळून पाहिली होती. आधी काम उभं राहिलं, मग लोकांचा विश्वास बसला आणि विश्वासामागून देणग्या आल्या. तुमच्या वस्तीत लाखोंचं मृत्युपत्र करणारं कोणी नसेल तर ही दुसरी वाट तुमची. माझ्या मते बहुतेकांची तीच असते.

पहिली पायरी: काम ठरवा, आणि ते छोटं ठरवा

"गरिबांना मदत" हा निधीचा हेतू होऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने होतो, पण विश्वस्तांच्या बैठकीत होत नाही. हेतू इतका मोघम असला की दरवर्षी नव्याने वाद होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे पैसा वळतो. "आमच्या प्रभागातल्या महापालिकेच्या दोन शाळांमधून दहावी झालेल्या मुलींना अकरावीच्या प्रवेशावेळी फी, गणवेश आणि बसपाससाठी मदत" असं लिहिलं, तर वाद घालायला जागाच उरत नाही.

काम निवडताना सरकारी योजना कुठे संपते ते आधी पाहा, निधी तिथून सुरू करा. रुग्णांचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या ठराविक मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली ही योजना आहे. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. इतकं असताना पाच-दहा लाखांच्या निधीतून ऑपरेशनची बिलं भरणं म्हणजे दोन रुग्णांत वर्ष संपवणं.

आता मेडिकलच्या वॉर्डाबाहेर सकाळी जाऊन पाहा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, तिकडे बालाघाट, छिंदवाडा, शिवनीहून आलेली माणसं व्हरांड्यात चटई टाकून बसलेली असतात. एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा, त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स आहे पण उत्पन्नाचा दाखला नाही. खिडकीवरून सांगितलेलं असतं की तहसीलचा दाखला आणा. तहसील दीडशे किलोमीटरवर. रुग्णाला सोडून जायचं कसं, आणि जायला भाडं कुठून आणायचं? अशा माणसाला जाण्या-येण्याचं भाडं, मागे राहिलेल्याच्या दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे आणि अर्ज भरून देणारा कोणी मिळाला, की लाखभर रुपयांचा उपचार त्याला योजनेतून मिळू शकतो. हजार-बाराशे रुपयांत एवढं मोठं दार उघडतं. छोट्या निधीने अशाच जागा शोधाव्यात.

शिक्षणातही तसंच आहे. शिष्यवृत्ती सरकारकडून मिळते, पण प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम आधी लागते आणि शिष्यवृत्ती नंतर खात्यात येते. या मधल्या काही महिन्यांसाठी बिनव्याजी रक्कम देणारा आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ती परत घेणारा फिरता निधी वस्तीच्या फार कामाचा असतो, कारण तेच पैसे दरवर्षी नव्या मुलाला मिळतात.

हे ठरवण्यासाठी महिनाभर माणसांना भेटा. शाळेच्या मुख्याध्यापिका, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्ष, अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसणारी मुलं. त्यांना "काय हवं?" असं विचारू नका. "गेल्या वर्षी कोणाचं काय अडलं?" असं विचारा. उत्तरं नेमकी मिळतात.

दुसरी पायरी: हिशेब कागदावर मांडा

इथे बहुतेक निधी चुकतात, म्हणून जरा थांबून पाहू. समजा दहा लाख रुपये जमले. बँकेत ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७०,००० रुपये. सगळे वाटून टाकले तर पहिल्या वर्षी कौतुक होईल. पण महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आज अडीच हजारांत होणाऱ्या कामाला बारा वर्षांनी पाच हजार लागतील आणि तुमचे ७०,००० मात्र तेवढेच राहतील. शाळा-कॉलेजांत जुन्या ठेवींतून दिली जाणारी कितीतरी बक्षिसं याच कारणाने शोभेपुरती उरली आहेत. एके काळी शंभर रुपयांत मुलाची वर्षाची पुस्तकं यायची, आज त्यात एक वही आणि पेन येतं.

तेव्हा मांडणी अशी करा. ७०,००० पैकी १५ टक्के, म्हणजे १०,५०० रुपये, मागे ठेवा. आयकराच्या नियमांत धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च करायचे असतात आणि १५ टक्के राखता येतात, त्यामुळे हे नियमात बसतं. ऑडिट, सी.ए.ची फी, कागदपत्रं, टपाल यांसाठी १५,००० धरा. उरले ४४,५००. अडीच हजारांप्रमाणे १७ मुलींची सोय झाली आणि दोन हजार अडीअडचणीला शिल्लक राहिले.

पण राखलेल्या १०,५०० रुपयांनी मूळ निधी वर्षाला फक्त एक टक्क्याने वाढतो. महागाईच्या बरोबरीने चालायचं तर पहिल्या वर्षी मूळ निधीत साधारण ६०,००० ची भर पडायला हवी. म्हणजे जवळपास ५०,००० रुपये कमी पडतात. शंभर घरांनी वर्षाला पाचशे रुपये दिले की ही तूट भरून निघते.

या आकड्याकडे मी पुन्हापुन्हा लक्ष वेधतो, कारण वस्ती बळकट होते ती इथे. एका मोठ्या देणगीने काम सुरू होतं, पण शंभर घरांचे पाचशे नसतील तर ते वीस वर्षांत नावापुरतं उरतं. आणि पाचशे रुपये देणारं घर हिशेब विचारतं, सभेला येतं, कोणत्या मुलीचं शिक्षण अडलंय ते स्वतःहून सांगतं. एकाच गल्लीत राहून एकमेकांच्या घरी कधी न गेलेली माणसं वर्षातून एकदा एका ताळेबंदाभोवती बसतात. पुढे डेंग्यूची साथ येवो की गल्लीतल्या नळाला महिनाभर पाणी न येवो, कोणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक असतं.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरातच केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचं आवाहन केलं होतं. थोडं, पण नेमाने आणि सर्वांनी देणं, हा त्यामागचा विचार आपल्या शहराला नवा नाही.

पैसा कुठून जमतो? तेरवीच्या जेवणावळीऐवजी, निवृत्तीच्या रकमेतून, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, मुलाला नोकरी लागली तेव्हा. रेल्वे, एजी ऑफिस, आयुध निर्माणी, शाळा-कॉलेजं यांतून निवृत्त झालेली माणसं नागपूरच्या प्रत्येक कॉलनीत आहेत आणि त्यांच्यात द्यायची इच्छा असते. विश्वासाची जागा सापडत नाही म्हणून हात आखडतो. निवृत्तांकडे जाताना लेखी टिपण घेऊन जा: काम काय, खर्च किती, पैसा कुठे राहील, हिशेब कधी मिळेल. एक पान पुरतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. नोंदणी झालेली नसताना मंडळाच्या नावाने वर्गणी गोळा करायची असेल तर आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी कलम ४१ क खाली घेतात तीच.

तिसरी पायरी: नवा ट्रस्ट की जुन्या संस्थेत ठेव?

स्वतःचा ट्रस्ट काढायची हौस स्वाभाविक आहे. आईवडिलांचं नाव फलकावर यावं असं कोणाला वाटत नाही? पण निधी दहा लाखांच्या आत असेल आणि त्यात वाढ होण्याची खात्री नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: नवा ट्रस्ट काढू नका. दरवर्षीचं ऑडिट, आयकराचं विवरणपत्र, विश्वस्त बदलले की अर्ज, हे सगळं दहा लाखांच्या ट्रस्टलाही तेवढंच असतं जेवढं दहा कोटींच्या ट्रस्टला.

त्यापेक्षा चांगलं चाललेली संस्था निवडा आणि तिच्याकडे नावाची कायम ठेव ठेवा. शाळा, वाचनालय, रुग्णसेवेची संस्था, विद्यापीठ, कुठेही चालतं. विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात दिली जाणारी कितीतरी सुवर्णपदकं अशाच दात्यांच्या ठेवींतून येतात. ठेव देताना तोंडी बोलण्यावर राहू नका. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव मागा आणि त्यात पुढच्या गोष्टी लिहून घ्या: ही रक्कम मूळ निधीत जमा होईल, मोडली जाणार नाही, व्याज अमुक कामासाठीच वापरलं जाईल, वार्षिक हिशेबात ती स्वतंत्र ओळीत दिसेल, आणि एखाद्या वर्षी लाभार्थी मिळाला नाही तर ते व्याज पुढच्या वर्षी त्याच कामाला जाईल. ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह घरात ठेवा, मुलांनाही एक द्या.

संस्था पारखायची कशी? मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागा. आनंदाने देणारी संस्था चांगली. "बघतो, सांगतो" म्हणणाऱ्या संस्थेकडून नम्रपणे चहा घ्या आणि परत या.

नवा ट्रस्ट काढावा असं खरंच वाटत असेल, म्हणजे निधी मोठा आहे, काम वेगळं आहे आणि हाती घेणारी पाच-सात माणसं आहेत, तर पुढे वाचा.

चौथी पायरी: न्यासपत्र आणि नोंदणी

महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. दारिद्र्य वा संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामं ही त्यात धर्मादाय हेतूत येतात. दोन मार्ग आहेत. एक, न्यासपत्र म्हणजे ट्रस्ट डीड करून ट्रस्ट नोंदवणं. दुसरा, किमान सात जणांनी मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढणं आणि तीच सार्वजनिक ट्रस्ट म्हणूनही नोंदवणं. सभासद, निवडणूक, सर्वसाधारण सभा हवी असेल तर संस्था बरी. दात्याचा हेतू पक्का ठेवून थोड्या माणसांनी चालवायचं असेल तर ट्रस्ट बरा. शंभर घरांच्या निधीला मी संस्था सुचवेन, कारण वर्गणी देणाऱ्याला मत असावं.

ट्रस्ट निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तो नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात जातो. न्यासपत्र, विश्वस्तांची संमतिपत्रं आणि ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र, मालमत्तेचे कागद अशी जुळवाजुळव लागते. या कामाचा वकील धरा आणि तो सार्वजनिक ट्रस्टची कामं करणाराच धरा.

पण न्यासपत्राचा मजकूर वकिलावर सोडू नका. तयार नमुन्यात उद्दिष्टांची चाळीस कलमं असतात, गोशाळेपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत. ती खोडा. तुमचं काम पहिल्या कलमात, तुमच्या शब्दांत येऊ द्या. "ट्रस्टचा मूळ निधी कोणत्याही कारणासाठी खर्च करता येणार नाही. त्यावरील उत्पन्नातूनच उद्दिष्टांचा खर्च भागवला जाईल." ही दोन वाक्यं असलीच पाहिजेत. लाभार्थी निवडताना जात, धर्म, पंथ पाहिला जाणार नाही हेही लिहा. एका विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या लोकांपुरतं उद्दिष्ट ठेवलं तर पुढे आयकराच्या सवलतींतही अडचण येते.

कोणी दुकान, खोली किंवा प्लॉट दान देत असेल तर नोंदणीकृत दानपत्र करावं लागतं. ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायलाही ती लागते. ही अट जाचक वाटते, पण तिच्यामुळेच कित्येक जुन्या दानांच्या जागा आज शाबूत आहेत. मात्र दान घेण्याआधी त्या जागेत जुना भाडेकरू आहे का ते पाहा. महाल-इतवारीकडच्या जुन्या इमारतींत भाडं नाममात्र आणि दुरुस्तीचा खर्च मोठा असं अनेकदा असतं. अशी जागा दान घेणं म्हणजे कर्ज घेण्यासारखंच.

पाचवी पायरी: विश्वस्त

पाच किंवा सात जण ठेवा. एका घरातले दोनहून जास्त नकोत. बचत गट चालवलेल्या बाईला आवर्जून घ्या, कारण दहा रुपयांचा हिशेब दहा बायांसमोर मांडायची तिला सवय असते. मदत मिळून पुढे गेलेल्या मुलामुलींपैकी एकाला काही वर्षांनी विश्वस्त करा. चाळिशीच्या आतले किमान दोन हवेत, नाहीतर सगळे एकदमच थकतात. मुदत पाच वर्षांची आणि सलग दोनदाच, असं न्यासपत्रात लिहा. नगरसेवकाला, आमदाराला कार्यक्रमाला बोलवा, पण विश्वस्त करू नका. निवडणुका येतात-जातात, निधीवर कोणाचा शिक्का बसता कामा नये.

विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, तर ९० दिवसांत बदल अहवाल, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. हे काम लोक पुढे ढकलतात. मग नोंदवहीत मेलेल्या माणसांची नावं राहतात, बँक सही बदलून देत नाही, दोन गट "आम्हीच खरे विश्वस्त" म्हणत उभे राहतात आणि ठेवीचं व्याज वर्षानुवर्षं पडून राहतं. ट्रस्ट बुडतात ते अफरातफरीपेक्षा या आळसाने जास्त. म्हणून ज्या सभेत बदल झाला त्याच सभेत अर्जावर सह्या घ्या.

सहावी पायरी: पैसा कुठे ठेवायचा, कोणाकडून घ्यायचा

अनुसूचित बँक, टपाल खातं, सरकारी रोखे, सरकारने मान्यता दिलेली सहकारी बँक, अशा ठरलेल्या जागीच ट्रस्टचा पैसा ठेवता येतो. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेच्या दारात जाऊ नका. बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण एका बँकेत पाच लाखांपर्यंतच असतं, तेव्हा रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या ठेवा.

ठेवींच्या तारखा कामाच्या तारखेशी जुळवा. विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. व्याज जूनच्या पहिल्या आठवड्यात बचत खात्यात आलेलं असलं की गणवेश-पुस्तकांसाठी वेळेवर हाती येतं. ऑगस्टमध्ये येणारी मदत मुलीने वर्गात लाजून काढलेले दोन महिने भरून देत नाही.

देणगीदाराला करसवलत मिळावी यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. लोकांच्या तोंडी तिचं नाव "८०जी" आहे. ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करमाफीसाठी आणखी एक, "१२ए". १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तेव्हा फॉर्म भरताना सी.ए.ला आजचा क्रमांक विचारा. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला पात्र ठरत नाही. आणि नवी कररचना निवडलेल्या माणसाला ही सवलत मिळतच नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. नंतर कळलं की माणूस दुखावतो.

मूळ निधीसाठी येणाऱ्या प्रत्येक रकमेबरोबर दात्याचं एक ओळीचं पत्र घ्या: "ही रक्कम संस्थेच्या मूळ निधीत जमा करावी." खाली सही, तारीख, पॅन. हे पत्र नसेल तर ती रक्कम चालू वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि ८५ टक्क्यांच्या नियमात अडकते. पाचशे रुपयांच्या पावतीवरच ही ओळ छापून घेतली आणि दात्याची सही घेतली की काम सोपं होतं. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या टाळा, त्यांवर वेगळा आणि जड कर लागू शकतो.

परदेशातल्या मुलांचा प्रश्न नागपुरात प्रत्येक कॉलनीत येतो. मुलगा अमेरिकेत नोकरी करतो पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी त्याचा पैसा विदेशी देणगी ठरतो आणि विदेशी देणगी कायद्याखालच्या, म्हणजे एफसीआरए, नोंदणीशिवाय एक डॉलरही घेता येत नाही. पासपोर्टची प्रत मागून घ्या, संकोच करू नका. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी त्या देतात त्या पैशाचा, विचार पहिली तीन वर्षं बाजूला ठेवा. तेवढा कामाचा अनुभव असल्याशिवाय तो तुमच्याकडे येणार नाही.

सातवी पायरी: मदत द्यायची रीत

इथे माझं मत ठाम आहे. मुलींना स्टेजवर बोलावून, पाकीट हातात देऊन, फोटो काढून मदत देऊ नका. गल्लीतल्या शंभर घरांसमोर तिचं घर गरीब म्हणून जाहीर होतं आणि पुढच्या वर्षी जिला खरी गरज आहे ती अर्जच करत नाही.

अर्ज एका पानाचा ठेवा. शाळेच्या मुख्याध्यापिकांकडून आणि वर्गशिक्षिकेकडून नावं घ्या. निवड समितीत तिघं असू द्या, त्यातला एक वस्तीबाहेरचा. नात्यातला अर्ज आला तर त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. नाकारलेल्या प्रत्येकीला कारण सांगा, घरी जाऊन सांगितलं तर उत्तम. रक्कम थेट बँक खात्यात किंवा शाळेत भरा. सहा महिन्यांनी एकदा कोणीतरी, शक्यतो बाई, तिची चौकशी करून यावी. एखादीचं कॉलेज सुटलं असेल तर का सुटलं हे त्या भेटीतच कळतं: कधी बस बंद झाली म्हणून, कधी घरात लहान भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून. पुढच्या वर्षीचा नियम त्या माहितीवरून सुधारतो.

मग समारंभ करायचाच नाही का? करा, पण देणाऱ्यांचा करा. वर्षातून एकदा शंभर घरं जमवा, तर्री-पोहे करा, हिशेब वाचा.

आठवी पायरी: हिशेब भिंतीवर

ऑडिट तर कायद्याने करायचंच आहे. त्याखेरीज एक पान मराठीत लिहा: किती आले, कुठे ठेवले, व्याज किती, किती जणींना दिले, कार्यालयीन खर्च किती, मूळ निधीत भर किती. नावं नकोत, आकडे हवेत. ते वाचनालयाच्या फलकावर, देवळाच्या वा विहाराच्या भिंतीवर, किराणा दुकानात लावा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ज्या वर्षी व्याजदर घसरल्यामुळे सतराऐवजी चौदाच मुलींना देता आलं, त्या वर्षीचा हिशेब आणखी ठळक लावा. खरा आकडा पाहून लोक वर्गणी वाढवतात.

दर तीन वर्षांनी विश्वस्तांनी अर्धा दिवस बसून एकच प्रश्न विचारावा: ज्या अडचणीसाठी हा निधी काढला ती अजून आहे का? बसपास सरकारने मोफत केला असेल, शाळा बंद झाली असेल, वस्तीच बदलली असेल.

त्यासाठी न्यासपत्राच्या शेवटी एक कलम आधीच घालून ठेवा. मूळ हेतू पूर्ण झाला किंवा अशक्य झाला, तर निधी त्याच परिसरातल्या, त्याच्याशी सर्वांत जवळच्या हेतूकडे वळवावा, तेही शक्य नसेल तर अमुक नोंदणीकृत संस्थेकडे जावा, आणि कोणत्याही परिस्थितीत विश्वस्तांत किंवा दात्याच्या वारसांत वाटला जाऊ नये. असं कलम नसेल तर प्रकरण धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयात जातं आणि त्यात वर्षं जातात. कलमात ज्या संस्थेचं नाव घालाल तिची लेखी संमती घ्या आणि ती न्यासपत्राला जोडा.